उमेदवाराचे खासगी आयुष्य आणि परंपरावादी मत : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतील परिणाम कसा तपासावा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचा घटस्फोट, विवाहबाह्य संबंध, जुने व्यसन किंवा स्त्रियांशी केलेले गैरवर्तन चव्हाट्यावर आले की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, धर्मनिष्ठ आणि कुटुंबसंस्थेला मानणारा परंपरावादी मतदार आता त्या उमेदवाराकडे पाठ फिरवील. दुसरे, २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्यानंतर अधिक ऐकू येणारे, असे की, या मतदाराला आता कशाचेच काही वाटत नाही. दोन्ही विधाने अपुरी आहेत, कारण दोन्हींमध्ये परिणाम शोधला जातो तो केवळ नोव्हेंबरमधल्या अंतिम टक्केवारीत. मतदारासमोर प्रत्यक्षात दोनच नावे असतात आणि त्यांपैकी एक नाव त्याच्या मते देशाला भलत्या दिशेने नेणारे असते, तेव्हा स्वतःच्या उमेदवाराविषयीची नाराजी त्या टक्केवारीत उमटायला फारशी जागा उरत नाही. ती उमटते ती पर्याय असेल तिथे : पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, म्हणजे प्रायमरीत, मतदानाच्या दिवशी घरी बसण्यात, मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने तिसरे नाव लिहिण्यात, किंवा एका पदासाठी आपल्या पक्षाला मत देऊन दुसऱ्या पदाची जागा कोरी सोडण्यात. या विषयावर निबंध लिहिणारे विद्यार्थी, निवडणुकीचे वार्तांकन करणारे पत्रकार आणि अमेरिकेत स्थायिक होऊन आता तिथे मतदान करणारे मराठी वाचक यांना ही नाराजी नेमकी कुठे व कशी शोधावी हे कळावे, यासाठी पुढील मांडणी आहे.

आधी प्रकरणाचे स्वरूप ठरवावे

‘खासगी आयुष्य’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, आणि पहिली गल्लत तिथेच होते. घटस्फोट आणि पुनर्विवाह ही एक गोष्ट, वैवाहिक जीवनातील फसवणूक ही दुसरी, एखाद्या स्त्रीवर केलेली जबरदस्ती ही तिसरी, आणि सार्वजनिक व्यासपीठावरून एक शिकवण देऊन घरात नेमके उलटे वागणे ही चौथी. परंपरावादी मतदार या चारही गोष्टी एकाच मापाने मोजत नाही. शिवाय एकाच गोष्टीचे त्याचे मापही काळानुसार बदलत आले आहे, आणि ते किती बदलले हे समजण्यासाठी १९६४ आणि १९८० या दोन निवडणुका शेजारी ठेवून वाचाव्यात.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर हे १९६३ च्या सुरुवातीला रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत आघाडीवर होते. १९३० पासूनचा विवाह त्यांनी १९६२ मध्ये घटस्फोट घेऊन संपवला होता आणि त्याचा त्यांना तोपर्यंत फार मोठा फटका बसलेला नव्हता. मे १९६३ मध्ये मात्र त्यांनी मार्गारेटा मर्फी यांच्याशी विवाह केला. मर्फी यांचा स्वतःचा घटस्फोट नुकताच झाला होता, आणि चार मुलांचा ताबा त्यांना सोडावा लागला होता. ‘दोन घरे मोडून तिसरे उभारले’ अशी ही गोष्ट सर्वत्र बोलली गेली. पक्षातील प्रतिष्ठित गृहस्थ आणि माजी सिनेटर प्रेस्कॉट बुश यांनी जाहीर भाषणात त्यांच्यावर कठोर टीका केली, आणि काही आठवड्यांत जनमत चाचण्यांमध्ये पक्षाच्या परंपरावादी गटाचे बॅरी गोल्डवॉटर पुढे निघून गेले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाची निर्णायक प्रायमरी २ जून रोजी होती; रॉकफेलर दांपत्याला ३० मे रोजी मुलगा झाला आणि विसरत चाललेले प्रकरण मतदानाच्या तोंडावर पुन्हा घरोघर पोहोचले. गोल्डवॉटर यांनी ती प्रायमरी सुमारे तीन टक्क्यांच्या फरकाने जिंकली.

या उदाहरणातून घाईने निष्कर्ष काढू नये. रॉकफेलर हे पक्षाच्या उदारमतवादी गटाचे नेते होते आणि गोल्डवॉटर यांच्या निष्ठावंतांना ते आधीपासूनच नकोसे होते. म्हणून इथे पाहायचे ते चाचण्यांतील बदलाचा क्षण. त्यांची धोरणे मे १९६३ मध्ये बदलली नव्हती. विवाह मात्र तेव्हा झाला होता. ज्या मतदाराला ते पटत नव्हते पण चालत होते, त्याला नकार देण्यासाठी आता एक सांगता येण्याजोगे कारण मिळाले.

आता १९८०. रोनाल्ड रेगन यांचा पहिल्या पत्नीशी, अभिनेत्री जेन वायमन यांच्याशी, १९४९ मध्ये घटस्फोट झाला होता आणि १९५२ मध्ये त्यांनी नॅन्सी यांच्याशी विवाह केला होता. एवढेच नव्हे, तर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६९ मध्ये, कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली होती. त्यांच्यासमोर तत्कालीन अध्यक्ष, डेमोक्रॅट जिमी कार्टर होते : सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचे, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, एकाच विवाहात आयुष्य घालवणारे. केवळ वैयक्तिक आचरण तोलले असते, तर धार्मिक परंपरावाद्यांचे पारडे कार्टर यांच्या बाजूने झुकायला हवे होते. प्रत्यक्षात धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या मॉरल मेजॉरिटीसारख्या परंपरावादी ख्रिस्ती संघटना रेगन यांच्यामागे उभ्या राहिल्या, आणि रेगन हे अमेरिकेचे पहिले घटस्फोटित अध्यक्ष झाले.

या दोन निवडणुकांवरून प्रत्येक नव्या प्रकरणाला विचारायचे प्रश्न तयार होतात. घटना किती जुनी आहे? रेगन यांच्या घटस्फोटाला तीस वर्षे उलटली होती, रॉकफेलर यांच्या पुनर्विवाहाला वर्षच झाले होते. त्या घटनेत कोणाचे नुकसान झाले, आणि ती व्यक्ती आज लोकांसमोर आहे का? मधल्या काळात समाजाचे स्वतःचे आयुष्य किती बदलले? सोळा वर्षांत घटस्फोट अमेरिकेतील चर्चच्या बाकांवर बसणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचला होता, आणि जे आपल्या बहिणीने किंवा मुलाने केले आहे त्यासाठी उमेदवाराला दूर लोटणे कठीण असते. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : उमेदवार त्या मतदाराला नेमके काय देऊ करत आहे? रेगन गर्भपाताच्या विरोधात आणि शाळांतील प्रार्थनेच्या बाजूने बोलत होते.

‘परंपरावादी’ हा एक गट नाही

परंपरावादी मतदारांविषयी सरसकट लिहिलेले वाक्य बहुधा चुकीचे असते. करकपात आणि लहान शासन यांसाठी मत देणारा व्यावसायिक, सैन्य आणि सीमा यांसाठी मत देणारा निवृत्त सैनिक, गर्भपाताच्या प्रश्नावर मत देणारा कॅथलिक, श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल (बायबलवरील श्रद्धा आणि वैयक्तिक धर्मानुभव यांवर भर देणारा प्रोटेस्टंट) आणि यूटा राज्यातील मॉर्मन (अमेरिकेतच उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा अनुयायी) हे सगळे स्वतःला परंपरावादी म्हणवतात. परंतु खासगी आचरणाचा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचतो. म्हणून कोणतीही आकडेवारी हाती घेताना ती कोणत्या गटाची आहे हे आधी लिहून ठेवावे. ‘इव्हँजेलिकल’ या नावाबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण बहुतेक चाचण्यांमध्ये मतदार स्वतःच स्वतःला ते नाव देतो. त्यात दर रविवारी चर्चला जाणारा असतो तसाच वर्षानुवर्षे न गेलेलाही असतो, आणि २०१६ च्या प्रायमरींच्या काळात डोनाल्ड ट्रम्प यांच्याविषयीचा उत्साह या दोघांत सारखा नव्हता : नियमित चर्चला जाणाऱ्या रिपब्लिकनांमध्ये तो सुरुवातीला कमी होता.

गट वेगळे केल्यावर काय दिसते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे यूटा. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रोम्नी यांना या राज्यात सुमारे ७३ टक्के मते मिळाली. २०१६ मध्ये, स्त्रियांविषयी अश्लील बढाई मारणारी ट्रम्प यांची २००५ मधील ध्वनिचित्रफीत ७ ऑक्टोबर रोजी उघड झाल्यानंतर, मॉर्मन चर्चच्या मालकीच्या डेझरेट न्यूज या वृत्तपत्राने त्यांनी शर्यतीतून बाजूला व्हावे असे संपादकीयात लिहिले, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना तिथे केवळ सुमारे ४५ टक्के मते पडली. एव्हान मॅकमुलिन या अपक्ष, मॉर्मन आणि परंपरावादी उमेदवाराला २१ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. या घसरणीतला काही भाग उघडच रोम्नी यांच्या स्वतःच्या मॉर्मन असण्याचा होता, म्हणजे २०१२ चा आकडाच नेहमीपेक्षा चढा होता. आणखी काही भाग स्थलांतरित व अन्यधर्मीय यांच्याविषयीच्या ट्रम्प यांच्या भाषेचा होता, कारण छळामुळे स्थलांतर करावे लागल्याची स्मृती मॉर्मन समाजात आजही जिवंत आहे. तरीही इथे लक्षात घ्यायची मुख्य गोष्ट अशी की, या मतदारांनी डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना मत दिले नाही. त्यांना स्वतःच्या मूल्यांचा तिसरा पर्याय मिळाला, म्हणून त्यांची नाराजी मोजता आली. २०२० मध्ये तसा पर्याय नव्हता आणि ट्रम्प यांचा यूटातील आकडा ५८ टक्क्यांपर्यंत वर गेला.

चाचण्या वाचताना

पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये एकच प्रश्न विचारला होता : खासगी जीवनात अनैतिक कृत्य करणारा लोकप्रतिनिधी आपल्या सार्वजनिक कर्तव्यात प्रामाणिक राहू शकतो का? २०११ मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले होते. २०१६ मध्ये ७२ टक्के. सर्व अमेरिकनांमध्ये हा आकडा ४४ वरून ६१ वर गेला. म्हणजे पाच वर्षांत जो गट या बाबतीत सर्वांत कठोर होता, तो सर्वांत सैल झाला. या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण हे आकडे देतो आणि ते दिलेच पाहिजेत. परंतु त्यांचा अर्थ लावताना एक जोडआकडा जवळ ठेवावा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या वार्षिक पाहणीत विवाहबाह्य संबंध नैतिकदृष्ट्या चुकीचे आहेत असे म्हणणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण वर्षानुवर्षे दहांपैकी नऊच्या आसपास राहिले आहे. घटस्फोट मान्य असणाऱ्यांचे प्रमाण मात्र २००१ मधील ५९ टक्क्यांवरून पुढे जवळपास तीन चतुर्थांशांपर्यंत वाढले.

दोन्ही पाहण्या एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होते. घटस्फोटाच्या बाबतीत मूल्यच बदलले. व्यभिचाराच्या बाबतीत मूल्य जागच्या जागी राहिले. त्या मूल्याची मताशी असलेली गाठ सुटली. हा फरक शब्दांत नीट मांडला नाही, तर परंपरावादी मतदाराला व्यभिचार मान्य झाला असे ध्वनित होते, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याचबरोबर, तत्त्व आधी बदलले आणि मग उमेदवार निवडला गेला, की उमेदवार आधी ठरला आणि तत्त्व त्याच्यामागून आले, हा प्रश्नही टाळू नये. पाच वर्षांत चाळीसहून अधिक टक्क्यांची उडी सावकाश चिंतनातून येत नाही. ती उमेदवारामागून आलेली आहे असे मानायला मोठा आधार आहे.

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने जून १९९८ मध्ये, अध्यक्ष बिल क्लिंटन यांचे मोनिका लुइन्स्की यांच्याशी असलेल्या संबंधांचे प्रकरण गाजत असताना, सार्वजनिक पदाधिकाऱ्यांच्या नैतिक चारित्र्याविषयी एक ठराव केला होता. नेत्यांचे गंभीर गैरवर्तन सहन केल्याने समाजाचीच सदसद्विवेकबुद्धी बधिर होते, असा त्याचा आशय होता. हा ठराव मुळातून वाचावा, कारण २०१६ मधील मौन किंवा समर्थन कशाच्या तुलनेत मोजायचे, ते मोजमाप परंपरावाद्यांनी स्वतःच त्यात लिहून ठेवले आहे. मात्र हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावावी. डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालवला, त्याच आठवड्यात गॅलपच्या चाचणीत त्यांच्या कामगिरीला ७३ टक्के पसंती होती. पद आणि आचरण वेगळे करण्याची सवय त्या वेळी डेमोक्रॅटिक मतदारांनी आधी अंगीकारली होती, हे सांगितल्याशिवाय लेखन न्याय्य होणार नाही.

प्रायमरीकडे जास्त वेळ द्यावा

परिणाम मोजण्याची सर्वांत चांगली जागा प्रायमरी, कारण तिथे मतदाराला पक्ष न सोडता माणूस सोडता येतो. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी २००७ मध्ये राष्ट्रीय चाचण्यांत बराच काळ पुढे होते. तीन विवाह आणि गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा या दोन्ही गोष्टी त्यांच्याजवळ एकत्र होत्या, आणि जेम्स डॉब्सन यांच्यासारख्या प्रभावी इव्हँजेलिकल नेत्याने आपण त्यांना मत देणार नाही असे मे २००७ मध्येच जाहीर केले. जानेवारी २००८ मध्ये फ्लोरिडात ते तिसरे आले आणि शर्यत सोडून गेले. इथे खासगी आयुष्य आणि धोरण एकाच दिशेला बोट दाखवत होते, त्यामुळे दोन्हींचा परिणाम वेगळा काढणे शक्य नाही, आणि तसे प्रामाणिकपणे लिहावे. डिसेंबर २०११ मध्ये लैंगिक छळाच्या आणि दीर्घ विवाहबाह्य संबंधाच्या आरोपांनंतर रिपब्लिकन उमेदवारीचे इच्छुक हर्मन केन यांनी प्रचार थांबवला; त्यांनी आरोप नाकारले होते, पण तेव्हा मतदारांपुढे इतर परंपरावादी नावे भरपूर होती.

न्यूट गिंगरिच यांचे २०१२ मधील प्रकरण याहून अधिक शिकवणारे आहे. तिसऱ्या पत्नीशी त्यांचे संबंध जुळले ते दुसऱ्या विवाहात असतानाच, आणि क्लिंटन यांच्या महाभियोगाच्या काळातही, गिंगरिच स्वतः प्रतिनिधिगृहाचे सभापती असताना, ते चालूच होते. साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीला दोन दिवस उरले असताना, १९ जानेवारी रोजी, त्यांच्या दुसऱ्या पत्नीची मुलाखत दूरचित्रवाणीवर प्रसारित होणार होती. गिंगरिच यांनी आपल्याला दुसऱ्या स्त्रीशीही संबंध ठेवू देणारे वैवाहिक जीवन मागितले होते, असे या माजी पत्नीचे म्हणणे होते. त्याच संध्याकाळी चार्ल्स्टन येथील वादसभेत सीएनएनचे जॉन किंग यांनी पहिलाच प्रश्न याविषयी विचारला. गिंगरिच यांनी आरोप नाकारला, आणि अध्यक्षीय वादसभेची सुरुवात अशा प्रश्नाने करणाऱ्या माध्यमांवर ते तुटून पडले. सभागृहातील श्रोते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दोन दिवसांनी त्यांनी इव्हँजेलिकलबहुल अशा त्या राज्यात ४० टक्के मते घेऊन रोम्नी यांना १२ टक्क्यांनी हरवले. इव्हँजेलिकल मतदारांमध्येही तेच पहिले होते.

या प्रसंगाचा अभ्यास करताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. एक म्हणजे आरोपाचे वजन, आणि दुसरी म्हणजे आरोप कोणाच्या तोंडून आला. परंपरावादी मतदाराचा मुख्य प्रवाहातील माध्यमांवरचा अविश्वास इतका खोल आहे की, आरोप त्यांच्याकडून आला की उमेदवाराचे आचरण बाजूला पडते आणि ‘आपल्या माणसावर हल्ला’ हे चित्र पुढे येते. तोच आरोप स्वतःच्या चर्चच्या धर्मोपदेशकाकडून, स्थानिक परंपरावादी रेडिओवरून किंवा पक्षातील ज्येष्ठांकडून आला, तर त्याची वाट वेगळी असते. रॉकफेलर यांच्यावर टीका करणारे प्रेस्कॉट बुश घरचेच होते, आणि ती टीका लागली. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या टिपणात तारखेशेजारी ‘प्रथम कोणी सांगितले’ असा रकाना ठेवावा.

साउथ कॅरोलायनावरच मात्र थांबू नये. दहाच दिवसांनी फ्लोरिडात रोम्नी यांनी गिंगरिच यांना ४६ विरुद्ध ३२ टक्के असे हरवले, आणि रोम्नी यांची आघाडी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी मोठी होती. रोम्नी यांनी जाहिरातींवर फार मोठा खर्च केला होता हे खरे. पण परंपरावादी पुरुष आणि परंपरावादी स्त्रिया यांचे आकडे वेगळे पाहण्याची सवय इथूनच लावून घ्यावी. एकत्रित आकडा हा फरक गिळून टाकतो.

मतदानाच्या तोंडावर फुटलेली बातमी

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना १९७६ मध्ये मेन राज्यात मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती, ही बातमी २ नोव्हेंबर २००० रोजी, मतदानाच्या पाच दिवस आधी फुटली. आपण चाळिसाव्या वर्षी दारू सोडली आणि ख्रिस्तावरील श्रद्धेने आपले आयुष्य बदलले, हे बुश स्वतःच सांगत आले होते. पापातून परत आलेल्या माणसाची ही कथा इव्हँजेलिकल परंपरेच्या गाभ्याशी जुळणारी आहे, आणि अशी कबुली देणाऱ्याची चूक तो समाज मोठ्या मनाने पोटात घालतो. अटकेची गोष्ट मात्र त्या कबुलीत नव्हती. त्यांचे प्रमुख रणनीतीकार कार्ल रोव्ह यांनी नंतर सुमारे ४० लाख इव्हँजेलिकल अपेक्षेप्रमाणे मतदानाला आले नाहीत असा अंदाज मांडला, आणि त्यासाठी या बातमीलाही जबाबदार धरले. हा एका पक्षाच्या रणनीतीकाराचा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. तो तसाच उद्धृत करावा. पण तो जी दिशा दाखवतो ती महत्त्वाची आहे : हे मतदार डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांच्याकडे गेले नाहीत, ते घरी राहिले असे रोव्ह यांचे म्हणणे होते.

२०१६ ची ध्वनिचित्रफीत मतदानाच्या महिनाभर आधी आली, आणि हा कालावधी निर्णायक ठरला. प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन यांनी आपण ट्रम्प यांचे समर्थन करत बसणार नाही असे सहकाऱ्यांना सांगितले, जॉन मॅकेन यांच्यासह काही सिनेटरांनी पाठिंबा काढून घेतला. पण पुढे २८ ऑक्टोबर रोजी एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांचे हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलविषयीचे पत्र आले आणि चर्चेचा विषय बदलला. बातमी फुटल्यावर पहिल्या आठवड्यात झालेली घसरण आणि मतदानाच्या दिवशीची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या आठवड्यात नाराज समर्थक चाचणीवाल्यांशी बोलायचेच टाळतात, आणि त्यामुळे घसरण आहे त्याहून मोठी दिसू शकते.

मतपत्रिका शेजारी शेजारी ठेवाव्यात

अध्यक्षीय निवडणुकीत तुलना करायला दुसरा समान उमेदवार सहसा मिळत नाही. म्हणून पद्धत शिकण्यासाठी राज्यपातळीवरच्या निवडणुका वापराव्यात. जॉर्जियात नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी ब्रायन केम्प आणि सिनेटसाठी हर्शेल वॉकर हे दोन रिपब्लिकन होते. गर्भपातावर बंदी हवी म्हणणाऱ्या वॉकर यांनी स्वतः एका मैत्रिणीच्या गर्भपाताचा खर्च दिला होता, असा आरोप ऑक्टोबरमध्ये झाला. त्यांनी तो नाकारला. केम्प यांना सुमारे २१ लाख ११ हजार मते पडली, वॉकर यांना सुमारे १९ लाख ८ हजार. दोन लाखांहून अधिक मतदारांनी, त्याच दिवशी, त्याच कागदावर, एका रिपब्लिकनला मत देऊन दुसऱ्याला दिले नाही. केम्प विजयी झाले आणि वॉकर डिसेंबरमधल्या फेरनिवडणुकीत हरले. या दोन लाखांपैकी सगळे खासगी आचरणामुळे गेले असे म्हणता येणार नाही, कारण केम्प पदावर होते आणि वॉकर यांच्या राजकीय अनुभवाविषयीही शंका होत्या. तरीही ‘आता काहीच फरक पडत नाही’ या विधानासमोर हा आकडा ठेवावा.

अलाबामात डिसेंबर २०१७ च्या सिनेट पोटनिवडणुकीत रॉय मूर यांच्यावर, ते तिशीत असताना किशोरवयीन मुलींच्या मागे लागल्याचे आरोप झाले होते आणि त्यांनी ते नाकारले होते. एक्झिट पोलनुसार मतदानाला आलेल्या श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी मूर यांनाच मत दिले. एवढाच आकडा पाहिला तर परिणाम शून्य वाटतो. पण डेमोक्रॅट डग जोन्स सुमारे २२ हजार मतांनी जिंकले, आणि मतपत्रिकेवर तिसरे नाव लिहिणाऱ्यांची संख्या त्याहून थोडी अधिक, साधारण २२ हजार ८०० होती. राज्याचे ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनी आपणही तसेच केल्याचे उघडपणे सांगितले होते. अर्थात मूर २०१२ मध्येही मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक केवळ ५२ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन जिंकले होते, म्हणजे ते आधीपासूनच कमकुवत उमेदवार होते. ही नोंदही सोबत हवी. कोणत्याही गटाची टक्केवारी वाचताना त्या गटाचे किती लोक मतदानाला आलेच नाहीत हे विचारावे, हा या उदाहरणाचा उपयोग.

मोबदल्यात काय मिळाले ते लिहावे

ट्रम्प यांच्या बाबतीत परंपरावाद्यांनी केलेला व्यवहार लपलेला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले आणि सर्वोच्च न्यायालयातील एक जागा थेट निवडणुकीच्या निकालावर अवलंबून राहिली. मे महिन्यात ट्रम्प यांनी संभाव्य न्यायमूर्तींच्या नावांची यादी जाहीर केली, जुलैमध्ये माइक पेन्स या धर्मनिष्ठ इव्हँजेलिकल गृहस्थाला उपाध्यक्षपदासाठी सोबत घेतले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांची एक्झिट पोलनुसार सुमारे ८१ टक्के मते मिळाली; २००४ मध्ये बुश यांना आणि २०१२ मध्ये रोम्नी यांना ती ७८ टक्के होती. पुढे २०१७ ते २०२० या काळात तीन न्यायमूर्ती नेमले गेले आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क न्यायालयाने रद्द केला. गर्भपात ही हत्या आहे असे मनापासून मानणाऱ्या मतदाराच्या दृष्टीने हा हिशेब समजण्यासारखा आहे, आणि त्याला ढोंगी ठरवून मोकळे होणारा लेखक विषय समजून घ्यायचे कष्ट टाळतो. ट्रम्प यांच्या बाजूने दिली गेलेली बायबलमधील उदाहरणेही याच दृष्टीने वाचावीत : पापी असूनही देवाचा लाडका असलेला राजा दाविद, आणि स्वतः श्रद्धावान नसूनही देवाच्या प्रजेचे काम करणारा पर्शियाचा राजा सायरस.

माझे मत मात्र मी इथे स्पष्ट नोंदवतो. या व्यवहाराची किंमत मतांच्या टक्केवारीत दिसली नाही म्हणून ती नव्हतीच असे नाही. क्रिश्चॅनिटी टुडे या नियतकालिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे संपादकीयात लिहिले, आणि सदर्न बॅप्टिस्टांचे धोरणप्रमुख रसेल मूर यांनी वर्षानुवर्षे विरोध करून अखेर २०२१ मध्ये ती संस्था सोडली. या माणसांनी १९९८ चे मोजमाप बदलले नाही आणि त्यासाठी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. परंपरावादी मतदारांविषयीच्या कोणत्याही लेखात त्यांची नोंद असलीच पाहिजे, कारण तेही परंपरावादीच आहेत आणि त्यांना वगळले तर गट आहे त्याहून एकजिनसी दिसतो.

३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कमधील ज्यूरीने व्यावसायिक नोंदींत खोटेपणा केल्याच्या ३४ आरोपांवर ट्रम्प यांना दोषी ठरवले. मूळ प्रकरण एका प्रौढपटातील अभिनेत्रीला गप्प राहण्यासाठी दिलेल्या पैशांचे होते. त्यानंतरही श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांपैकी साधारण दहांपैकी आठ जण त्यांच्याकडेच राहिले. तोपर्यंत २०१६ पासून बहुतेक गोष्टी मतदारांना माहीत झाल्या होत्या. नव्या माहितीचा परिणाम मोजताना ती त्या मतदारासाठी खरोखर नवी होती का, हे आधी तपासावे.

लेखनात पाळायच्या काही गोष्टी

मतदारांशी प्रत्यक्ष बोलण्याची संधी मिळाली, तर पहिला प्रश्न उमेदवाराच्या प्रकरणाविषयी विचारू नये. आधी या निवडणुकीत त्यांना काय महत्त्वाचे वाटते ते सांगू द्यावे, मग उमेदवाराविषयी, आणि शेवटी, त्यांनी स्वतः काढला नसेल तरच, प्रकरणाविषयी विचारावे. प्रश्नांचा क्रम बदलला की उत्तरे बदलतात, आणि सुरुवातीलाच आरोप समोर ठेवला की समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. आरोप, कबुली, दिवाणी निकाल आणि फौजदारी दोषसिद्धी यांतील फरक प्रत्येक वाक्यात पाळावा. रिपब्लिकन पक्षाने आजवर एकाही स्त्रीला अध्यक्षपदाची उमेदवारी दिलेली नाही, त्यामुळे वरील सारे निष्कर्ष पुरुष उमेदवारांपुरतेच आहेत. स्त्री उमेदवाराला हाच मतदार कोणते माप लावील हे यातून सांगता येणार नाही.

आकड्यांच्या बाबतीत वेळेचे भान ठेवावे. निवडणुकीच्या रात्री हाती येणारे एक्झिट पोल मतदान केंद्राबाहेर आणि फोनवर घेतलेल्या उत्तरांवर आधारलेले असतात. काही महिन्यांनी प्यू रिसर्च सेंटर, प्रत्यक्ष मतदान केल्याची नोंद मतदारयादीशी पडताळलेल्या लोकांचे विश्लेषण प्रसिद्ध करते, आणि त्यात २०१६ साठी श्वेतवर्णीय इव्हँजेलिकलांमधील ट्रम्प यांचा आकडा ८१ ऐवजी ७७ टक्के निघाला होता. घरी राहिलेल्यांचा अंदाजही अशा पडताळणीतूनच अधिक भरवशाने बांधता येतो. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये लिहिलेला लेख कच्चा आहे असे त्यातच नमूद करावे, आणि पुढच्या उन्हाळ्यात पडताळलेले आकडे आले की त्याच लेखाची दुरुस्त आवृत्ती वाचकांना द्यावी.